थोडक्यात सांगा, बाई

सारांश म्हणजे काय, असं मला आज कुणी विचारलं तर मी आधी चहा टाकीन आणि मग हळूच विषय बदलीन. उभी हयात मराठी शिकवण्यात गेली. पोरांच्या वह्यांवर 'पाल्हाळ नको', 'मुद्दा सुटला', 'स्वतःच्या शब्दांत लिही' असं लाल शाईनं लिहून लिहून बोटं दुखली. तरी खरं सांगते, ती भानगड मला अजून नीट कळलेली नाही. बी.एड.ला असताना कळली होती. शिकवायला लागले आणि सगळं बिघडलं.

नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं धरा. मी कोल्हापुरात राहायची आणि मुरगूडकडच्या एका हायस्कुलात शिकवायला जायची. सकाळची एसटी, तीही उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली की शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली आणि हेडमास्तर व्हरांड्यात घड्याळ बघत उभे. त्यात माझा स्वभाव तापट. आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात, त्यामुळं मी नुसतं 'वह्या काढा' म्हटलं तरी शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा वह्या काढायची. शिकवण्याची हौस मात्र मनापासून होती.

नववीला सारांशलेखनाचा प्रश्न असायचा. एक गोष्ट द्यायची, तिचा एक-तृतीयांश सारांश पोरांनी लिहायचा आणि वर शीर्षक द्यायचं. पुस्तकातली गोष्ट दिली की पोरं गाईडातलं उतरवून काढतात, म्हणून मी स्वतःच एक गोष्ट रचली आणि फळ्यावर लिहिली. एक म्हैस असते, बाजारातून रेडकासकट नवी आणलेली. घरी येताना ओढा लागतो आणि म्हैस अडते. मालक दावं ओढतो, पाटील काठी उगारतो, सुतार फळी टाकून देतो, तालमीतले दोन पैलवान मागून रेटतात, गुरुजी लांब उभे राहून शहाणपण सांगतात. म्हैस जागची हलत नाही. शेवटी एक म्हातारी येते, म्हशीच्या रेडकाला धरून ओढा ओलांडते, आणि म्हैस मुकाट्यानं त्याच्या मागून चालत जाते. संपली गोष्ट.

ह्याचा सारांश काय? जोर करून हलली नाही ती म्हैस मायेनं हलली. दोन ओळींचं काम. उत्तर माझ्या डोक्यात तयारच होतं, त्यामुळं मी खुशाल खुर्चीत बसून राहिले आणि पोरांच्या वह्यांची वाट बघितली.

वह्या आल्या. खिडकीकडच्या अख्ख्या रांगेनं एक-तृतीयांश म्हणजे तीन ओळींतली एक ओळ असा हिशेब केला होता. पहिल्या दोन ओळी सोडायच्या, तिसरी उतरवायची, परत दोन सोडायच्या. त्यामुळं पाटील काठी उगारायचा आणि पुढच्याच ओळीत रेडकू ओढा ओलांडायचं. मी तणतणत शिक्षकांच्या खोलीत गेले. गणिताच्या सरांनी वही हातात घेतली, मन लावून वाचली आणि म्हणाले, "बरोबर हाय की हो बाई. तुम्ही सांगितलं तेवढंच केलंय पोरांनी." त्या दिवशी मी त्यांच्या डब्यातली चटणी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला. म्हटलं, ओळी मोजायच्या नाहीत. महत्त्वाचं तेवढं ठेवा, बाकीचं गाळा. ह्या वेळी जे हातात आलं ते वाचून मी खरोखर चक्रावले. सगळ्या वर्गानं माणसं ठेवली होती आणि घडलेलं सगळं गाळलं होतं. एका वहीत मजकूर असा होता: 'सदर गोष्टीत म्हशीचे मालक, गावचे पाटील, सुतार, दोन पैलवान, आदरणीय गुरुजी व एक आजी हे सर्वजण ओढ्यावर उपस्थित होते. सर्वांच्या सहकार्याने म्हैस पलीकडे गेली.' आभारप्रदर्शन तेवढं राहिलं होतं. पुढची वही उघडली, तर तिच्यात तेही होतं.

"अरे, त्या पैलवानांनी काय केलं?" मी विचारलं.

"रेटलं बाई."

"हलली का म्हैस?"

"न्हाय बाई."

"मग त्यांना सारांशात कशाला ठेवलंय?"

वर्ग एकमेकांकडं बघायला लागला. मग एकजण उभा राहून म्हणाला, "आलते की बाई ते."

आलते! आले तर आले, मी ओरडले, त्यांना काय ओवाळू? गाळा की! तेव्हा मुलींच्या बाजूनं कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, "गाळलं तर रुसतील की, बाई." वर्गात कुणी हसलं नाही. ते सगळ्यांना पटलेलं दिसत होतं.

आता ह्यात पोरांचं तरी काय चुकलं, सांगा. आमच्याकडं घरात कार्य निघालं की आधी आवताणाची काळजी सुरू होते. कुणाच्या घरी कुणी जायचं, कुणाला आधी सांगायचं, भावकीतलं एखादं घर विसरलं तर पंगतीवरून माणसं उठतात आणि पुढं वर्षानुवर्षं रस्त्यात तोंड फिरवतात. पोरं हे बघतच मोठी झालेली. आणि शाळेत तरी वेगळं काय होतं? स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन मराठीच्या बाईंकडं. मी व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं वाचत उभी आणि हेडमास्तर मागून कुजबुजतायत, 'बाई, ह्यांचं राहिलं, त्यांचं राहिलं.' पोरांची नाटकं अर्ध्यावर गुंडाळली जायची, पण नाव म्हणून एक गळायचं नाही. पुढं दोन हजार सालानंतर कोल्हापुरात चौकाचौकांत डिजिटल फलक लागायला लागले, एका वाढदिवसाला तिकिटाएवढे पन्नास चेहरे. वाढदिवस नक्की कुणाचा ते शोधावं लागायचं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हे लिहिणारा आपल्याच वर्गातून गेलेला असणार.

मी हार मानणारी नव्हते. पोरांना म्हटलं, समजा ही गोष्ट तारेनं कळवायची आहे. तारेत शब्द कमीत कमी लिहितात, होय की नाही? पोरं गंभीर झाली. मला वाटलं, आता गाडी रुळावर आली. वह्या बघते तर सगळ्यांच्या शेवटी 'ताबडतोब निघा' लिहिलेलं. 'म्हैस ओढ्यापलीकडे गेली. ताबडतोब निघा.' गावात तार यायची ती कुणी गेल्यावरच, हे माझ्या शहरी डोक्यात आलंच नव्हतं. एका मुलीनं तर मला विचारलं, "बाई, म्हस मेली व्हय?"

आणि ह्या सगळ्यात एक मुलगी अशी होती की तिचा सारांश मूळ गोष्टीपेक्षा लांब व्हायचा. दुसऱ्या बाकावर बसायची. बारीक अंगाची, घट्ट वेण्यांची, डोक्याला चपचपीत तेल. शब्द स्वच्छ, अक्षर सुबक. पण गाळणं म्हणून तिला जमायचं नाही. म्हशीच्या गोष्टीत तिनं स्वतःहून भर घातली होती. सुतारानं फळी परत नेली का, म्हातारीला भिजलेलं लुगडं बदलायला कुणी दिलं का, आणि म्हैस पहिल्यांदा ज्यांच्या गोठ्यात होती त्यांच्याकडं आता त्या जागेवर काय बांधलंय.

"अगं बये," मी म्हटलं, "गोष्ट कमी करायला सांगितली होती. तू वाढवून आणलीस."

"बाई, पयल्या मालकाचं कुणी इच्यारलंच न्हाय," ती म्हणाली.

मी तिच्या वहीवर मोठी फुली मारली. दुसऱ्या गोष्टीला मारली, तिसऱ्या गोष्टीला मारली. बाकी व्याकरण, निबंध, कविता सगळ्यात पोरगी बरी होती, सारांश आला की भोपळा. प्रगतिपुस्तकात मराठीसमोर मी 'लेखनात प्रगती हवी' असा शेरा दिला. तो चुकीचा होता असं मला अजूनही वाटत नाही. फुली मारावी असंच ती लिहायची.

शेवटी एके दिवशी एसटीत बसल्या बसल्या मला युक्ती सुचली. वर्गात गेले आणि गोष्टीतल्या एकेका माणसाचं नाव फळ्यावर लिहिलं. म्हटलं, आता ह्यातला एकेकजण हातानं झाकून बघायचा. झाकल्यावर गोष्ट चालते का? चालत असली तर तो गेला. अडत असली तर तो राहिला. पैलवान झाकले, गोष्ट चालली. पाटील झाकला, चालली. गुरुजी झाकल्यावर तर जास्तच छान चालली आणि वर्ग खो खो हसला. म्हातारी झाकली आणि म्हैस ओढ्यातच अडली. "ऱ्हाऊ द्या बाई, म्हातारी ऱ्हाऊ द्या!" पोरं ओरडली. त्या दिवशी पहिल्यांदा सारांशासारखे सारांश माझ्या हातात आले. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी स्टँडवर उतरल्यावर मी एकटीनंच उभ्यानं भेळ खाल्ली.

फक्त ती एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. वही कोरी.

"काय गं?"

"बाई, माणूस झाकला आणि गोष्ट चालली, मंजी त्यो माणूस फुकटच व्हता?"

"तसं नव्हे गं."

"मग कसं?"

"अगं, गोष्टीला त्याची गरज नसते, एवढंच."

"मग त्यो आलता कशाला?"

ती उद्धटपणे विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं आणि तिच्या तोंडावर मला कळेना असं काहीतरी होतं. मी काहीबाही सांगितलं. परीक्षेपुरतं गाळायचं असतं, आयुष्यात गाळायचं नसतं, असलं काहीतरी. बोलताना माझं मलाच पटेना. ती 'बरं' म्हणून गेली आणि मी डबा उघडून बसले. चौदा वर्षांच्या पोरीनं एवढं साधं विचारावं आणि बी.एड. झालेल्या बाईला उत्तर येऊ नये, ह्याचा मला भयंकर राग आला. कुणाचा, ते मात्र कळेना.

शिवणाच्या बाई गावातल्याच होत्या. त्यांच्याकडून मला तिचं घर कळलं. पोरगी मूळची शाहूवाडीकडची, तिकडं डोंगरातल्या एका वाडीतली. आईबाप भाताची शेती करतात. वाडीत शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीला तिला इकडं मामाच्या घरी आणून ठेवली. तेव्हापासून ती इथंच. मामा साखर कारखान्यात कामाला. घर दोन खोल्यांचं. त्यात ह्या वर्षी मामाला मूल झालेलं आणि मामाच्या धाकट्या भावाचं लग्न ठरत आलेलं. नवी नवरी आली की झोपायला जागा कुठली? म्हणून परीक्षा झाली की पोरीला परत पाठवायचं चाललंय. परत पाठवायचं म्हणजे शाळा बंद, कारण त्या वाडीतून पोरीच्या जातीला रोज चालत जाता येईल असं हायस्कूलच नव्हतं.

"मामीला नको झालीय पोरगी," शिवणाच्या बाई म्हणाल्या. "दुसरं काय?"

मीही तेच धरून चालले. मामीला मी एकदा शाळेच्या फाटकापाशी बघितलं होतं. उंच, हाडापेराची बाई, कडेवर तान्हं, विसरलेला डबा पोरीच्या हातात कोंबून वर चार शब्द सुनावून निघून गेली होती. गावात तर सगळे तेच म्हणत होते. मामी म्हटली की आमच्याकडं पुढचं कुणाला विचारावं लागत नाही.

परीक्षेच्या आधी एक दिवस मामा शाळेत आला. बोलायला अदबशीर, टोपी हातात. "बाई, पेपर झालं की रविवारी जरा घराकडं यावा. दाजी येणार हाईत. बैठक हाय." दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, पोरीचा बाप.

"मी कशाला? घरचा मामला आहे."

"तुमी मराठीच्या न्हवं? आमची माणसं बोलाय लागली की बैल बांधून बसत्यात, उठायचं नाव न्हाय. तुमी आपलं सगळ्यांचं ऐकून थोडक्यात सांगायचं." मग जरा थांबून म्हणाला, "आणि पोरीच्या अभ्यासाचं काय ते खरं सांगा. मराठीत मागं हाय न्हवं ती? प्रगतिपुस्तकात तुमीच लिवलंय."

"सारांशात मागं आहे. बाकी विषयांत..."

"मागं हाय न्हवं, झालं तर," मामा म्हणाला आणि टोपी घालून गेला.

मी रविवारी जाऊ नये असं मला शंभरदा वाटलं. आणि गेले. दारात चपला काढत होते तोच एक उन्हानं रापलेला, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेला माणूस पुढं आला. "बाई, पोरगी हुशार हाय न्हवं माजी? तेवढं सांगा आत." हा बाप, पोरगी ज्याला आबा म्हणायची तो. मामाला मी पोरगी ढ आहे म्हणायला हवी होते, बापाला ती हुशार आहे म्हणायला. एकाच पोरीचं एकाच बाईनं काय सांगायचं ते दोघांनी आधीच ठरवून ठेवलेलं, आणि मला स्वतःला तर काहीच ठरवता येत नव्हतं. हुशार म्हटलं तर मामाच्या दोन खोल्यांत ती कुठं राहणार? मागं आहे म्हटलं तर तिची शाळा आजच संपणार.

बाहेरच्या खोलीत घोंगडं अंथरलेलं. भिंतीला टेकून आजोबा, म्हणजे मामाचे वडील. इकडं मामा, तिकडं बाप. घरातली एकुलती एक खुर्ची मला दिलेली, त्यामुळं मी सगळ्यांच्या वर, पंच असल्यासारखी. आतल्या खोलीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, म्हणजे मामी आत. आणि उंबऱ्यावर पोरगी उभी, मामाचं तान्हं कडेवर घेऊन. मी आले म्हणून ती हसली नाही की लाजली नाही. नुसती बघत होती.

"बोला," आजोबा म्हणाले.

बापानं सुरुवात केली ती स्वतःच्या लग्नापासून. तेव्हा कोण कोण आलतं, कुणी हुंडा नको म्हटलं, कुणाच्या शब्दाखातर सोयरीक झाली, मग पोरी कशा झाल्या, डोंगरात भाताला पाणी कसं येतं आणि कसं जातं, दर वर्षी नव्या तांदळाचं पोतं इकडं कसं पोचवलं. एक माणूस गाळला नाही. मामानंही तसंच. कारखान्याचा हंगाम, भावाची सोयरीक, भावाच्या सासरचे कोण, त्यांच्या गावात कुणाचा वट. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की माझा वर्ग हे लिहायला कुठं शिकला ते.

आणि कुणी सरळ बोलेना. मामा म्हणाला, "पोरगी तुमचीच की दाजी. आमी कोण अडवनार?" बाप हात जोडून म्हणाला, "छे छे, पावणं. जल्म आमी दिला एवढंच. आता ती तुमच्याच घरची. कुठल्या तोंडानं न्यावी आमी?" परत मामा, "तुमचा मान पयला." परत बाप, "तुमचा हक्क मोठा." कुणी परका दारावरून गेला असता तर त्याला वाटलं असतं, दोघं पोरीवर जीव टाकतायत आणि एकमेकांसाठी तिच्यावर पाणी सोडतायत. काही काळ मलासुद्धा तसंच वाटलं, शपथेवर सांगते. कुणाला हवी आहे आणि कुणाला नको, हेच मला कळेनासं झालं. 

चहा झाला. दुसऱ्यांदा चहा झाला. मग आजोबांनी माझ्याकडं मान वळवली. "बाई, तुमी ऐकलासा सगळं. आता थोडक्यात सांगा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. मनातल्या मनात एकेकाला झाकून बघायला लागले. आजोबा झाकले, बाप झाकला, मामा झाकला. मग उंबऱ्यावरच्या पोरीकडं नजर गेली आणि मी झाकायचं थांबवलं. म्हटलं, "आता असं बघा, दोन्ही बाजू आपापल्या जागी... म्हणजे एकीकडून शिक्षण आणि दुसरीकडून अडचण... आणि तसं बघितलं तर..." पाल्हाळ, नुसतं पाल्हाळ. वहीत कुणी असं लिहिलं असतं तर मी वही फेकून दिली असती.

तेव्हा पोरीनं कडेवरचं बाळ ह्या बाजूचं त्या बाजूला घेतलं आणि म्हणाली, "आबा न्हेत न्हाईत, मामा ठेवत न्हाईत. एवढंच हाय."

आवाज चढवला नाही, रडली नाही. फळा वाचून दाखवावा तसं सांगितलं. बाप घोंगड्याच्या दशा विंचरत बसला. मामाचे कान लाल झाले. आजोबांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "असं बोलायला कोण शिकिवलं हिला?" मी कुठं बघावं ते मला कळेना.

"तसं न्हाय गं बाळ," मामा घाईघाईनं म्हणाला. "मामाला का तू जड झालीयास? तुझ्या मामीलाच आता झेपना झालंय बघ. बाळतपणाचं अंग, त्यात घरातली एवढी माणसं. मामी म्हणती..."

आतला भाकरीचा आवाज थांबला. मामी बाहेर आली. हात कोपरापर्यंत पिठाचे. सासरा समोर बसलेला, पण पदर नीट करायलाही थांबली नाही.

"काय म्हणती मामी?" तिनं नवऱ्याला विचारलं. "कवा म्हणाली? मला इच्यारलंय कुणी? घरात एवढी बैठक बसलीय, चा न्या म्हणायच्या पलीकडं कुणी हाक मारली मला?"

"अगं, बाई बसल्यात..." मामा म्हणाला.

"बसू द्यात. त्यांनी बी ऐकावं." मग ती पोरीकडं वळली, आणि आता तिचा आवाज चिरकला. "आणि तू गं? आबा न्हेत न्हाईत, मामा ठेवत न्हाईत. आणि मामी? मामीला कुठं टाकलीस? पाचवीपासनं डोसक्याला त्याल कोण लावतंय तुझ्या? ताप आलता तवा रातभर कोण बसलंतं? समद्यांची नावं घेतलीस, आणि मी तेवढी न्हाय व्हय?"

"मला वाटलं..." पोरगी म्हणाली. "समदी म्हणत व्हती, तुलाच नको झालोय मी."

"समदी म्हणत्यात!" मामीनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले. "अगं, ह्या घरात मला बोलायला तुझ्याबिगर हाय कोण? ह्ये कारखान्याला जात्यात, मामंजी पाराला जात्यात. दिसभर मी भिताडांशी बोलू? तू साळंतनं येऊन कायबाय सांगतीस, लांबच्या लांब, कुणालाबी न सोडता. त्यावर तर माझा दिस जातोय."

पोरगी रडायला लागली. इतकी मोठ्यानं की कडेवरचं बाळही रडायला लागलं. मामीनं बाळ तिच्याकडून ओढून घेतलं आणि खांद्याला लावलं. बापानं मान खाली घातली ती वर केली नाही.  मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते, का उठले ते मला आठवत नाही.

 मग आजोबांनी घसा खाकरला. घर त्यांचं होतं, शेवटचा शब्द त्यांचा होता.

"नवी सून यायची हाय," ते म्हणाले. "जागा हाय व्हय घरात? किती दिस ठेवनार म्हणतीस तू हिला?"

"मला जितकं दिस ठेवशीला तितकं, मामंजी," मामी म्हणाली, आणि पोरीकडं वळून म्हणाली, "रडतीस काय? आत जा. तव्यावरची भाकरी बघ."